टॅपेट वाजतोय? आधी ऑइल बघा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला, की गरम इंजिनात ऑइल पातळ होतं आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) टॅपेटची, म्हणजे कॅमच्या धक्क्यानं व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, टिकटिक सुरू होते. सकाळी स्टार्टला दोन-चार सेकंद वाजून थांबलं तर काळजी नको. रात्रभरात हायड्रॉलिक (आत ऑइल भरून चालणाऱ्या) टॅपेटमधलं ऑइल उतरलेलं असतं, एवढंच.

आवाज टिकला तर गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा. ऑइल कमी असेल तर टॅपेटमध्ये हवा शिरते. खूण ओलांडून जास्त भरलं तरी क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ते घुसळतो, फेस होतो, आवाज तोच.

मग इंजिन पुन्हा चालू करून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्ह कव्हरवर, मूठ कानाला. फॅन-बेल्टपासून हात आणि कपडे लांब ठेवा. टॅपेट कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्याचा दांडा) तालात, म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगानं ठोकतो. एक्झॉस्ट गॅस्केटची (धुराच्या नळीच्या जोडावरचं सील) गळतीही अशीच टिकटिकते, पण ती बरेचदा इंजिन तापल्यावर दबते, तिथं फसू नका.

सगळेच वाजत असतील तर गेज लावून ऑइल प्रेशर तपासा. एकच वाजत असेल तर कव्हर उघडा, कॅमचा उंचवटा वर फिरवा आणि टॅपेट लाकडी काठीनं दाबा. स्पंजासारखा सहज दबला, की तो गेला. साधे (बिनऑइलचे) टॅपेट असतील तर फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप मोजा, माप मॅन्युअलमधलंच धरा.