अस्थिमज्जेतल्या इंटरस्टिशियल पेशी टीईएमखाली (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) कशा ओळखाल

इंटरस्टिशियल पेशी, म्हणजे रक्तपेशींच्या मधल्या जागेतल्या आधारपेशी, हरवतात त्या बहुतेक वेळा नमुना उचलतानाच. ॲस्पिरेटचा (सुईने ओढून काढलेल्या मज्जेचा) बफी कोट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा थर, फिक्स केला (रसायनात पक्का केला) की ग्रिडवर (काप ठेवायच्या बारीक जाळीवर) निव्वळ रक्तपेशी येतात, आधारपेशी मज्जेच्या कणांतच राहतात. म्हणून ॲस्पिरेट वॉच ग्लासवर ओता, काच तिरपी करून रक्त ओघळू द्या आणि राखाडी-पांढुरके कण उचला.

१ मिमीचे तुकडे २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (०.१ मोलर कॅकोडायलेट बफर, पीएच ७.४) ४ अंशांवर २ ते ४ तास ठेवा. ठाण्यात काढलेला नमुना खारघरपर्यंत न्यायचा तर कुपी थेट बर्फाला टेकवू नका. गोठली की पेशींत स्फटिकांची भोकं पडतात. मग १ टक्का ऑस्मियम, १ तास, फ्यूम हूडमध्येच.

नंतर नमुन्यातलं पाणी अल्कोहोलने काढून तो रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या राळेत) बसवायचा. पावसाळ्यात इथे रेझिन दगा देतं. शेवटच्या अल्कोहोलने ओलावा ओढला तर ६० अंशांवर ४८ तास ठेवूनही ब्लॉक मऊच. अल्कोहोलची नवी बाटली फोडा, आणि फ्रीजमधलं रेझिन खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका.

आधी १ मायक्रॉनचा काप टोल्युइडिन ब्लूमध्ये रंगवून बघा, सायनसलगतचा (मज्जेतल्या रुंद रक्तवाहिनीलगतचा) भाग निवडा, मगच ६० ते ८० नॅनोमीटरचे चंदेरी काप घ्या.

टीईएमवर सुरुवात २,००० पटीने. थेट केंद्रकावर झूम करणं ही नवख्यांची हमखास चूक, कारण नुसत्या केंद्रकावरून इथे काहीच ठरत नाही. पेशी कुठे बसली आहे ते आधी पाहा. सायनसच्या भिंतीला बाहेरून चिकटलेली, फिकट, लांब पातळ फाटे रक्तपेशींच्या मधून घुसवणारी ती रेटिक्युलर पेशी. तिच्यात खडबडीत ईआर (प्रथिनं बनवणारं पेशीतलं जाळं) आणि सूक्ष्मतंतूंचे जुडगे दिसतात, शेजारी कोलॅजनचे तंतू. त्यांवरचे पट्टे साधारण ६७ नॅनोमीटरच्या अंतराने.

सायनसच्या पोकळीच्या बाजूला चपटी पेशी असेल तर ती एंडोथेलियल (वाहिनीच्या अस्तराची). वायबेल-पॅलेड बॉडी (या पेशींतला खास लांबट कण) दिसली तर शंकाच नको; पण न दिसल्याने ती बाद होत नाही. पोटात गिळलेली केंद्रकं, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन), भोवती एरिथ्रोब्लास्टचं (कोवळ्या लाल पेशींचं) कोंडाळं असेल तर तो मॅक्रोफेज (भक्षक पेशी). त्याचेही फाटे लांब असतात, फसगत तिथेच होते.

फाटा फारच बारीक आणि मधे मधे फुगलेला, फुगवट्यात मायटोकॉन्ड्रिया असेल तर टेलोसाइटचा विचार करा. काहाल-लाइक (काहाल या शास्त्रज्ञाच्या नावाच्या पेशींसारख्या) इंटरस्टिशियल पेशींना हे नाव २०१० मध्ये मिळालं. मात्र एकाच कापावर शिक्का मारू नका. आडवा कापलेला कुठलाही फाटा नुसता गोल ठिपका दिसतो. लगतचे चार-पाच काप जोडून तो केंद्रकापर्यंत माग काढावा लागतो.