नवे ब्रेक रोटर मागवण्याआधी: वेगवान गाडीसाठी तयारीची यादी

रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, म्हणजेच डिस्क; तिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात ते पॅड. नव्या रोटरचा कॅटलॉग उघडायच्या आधी एक वही घ्या आणि पहिल्या पानावर गाडी नक्की कशी चालते ते लिहून काढा. रोज कामावर जायची आणि सुटीच्या दिवशी घाटात जोरात काढायची, की महिन्यातून एकदा शर्यतीच्या ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं पिळायची? इथे खरं लिहिणं फार गरजेचं आहे, कारण पुढची सगळी निवड या एका ओळीवर उभी राहते. ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि रस्त्यावरचे ट्रॅकवर चार फेऱ्यांत दम सोडतात.

दुसरं काम म्हणजे उष्णतेचा हिशेब. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, की सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. यातला साधारण ७० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणजे पुढच्या प्रत्येक रोटरच्या वाट्याला २०० किलोज्यूल. रोटर १० किलोचा बिडाचा असेल तर एका ब्रेकमध्ये तो ४० अंशांनी तापला. आता हाच हिशेब ताशी २०० ला करा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणजे एका ब्रेकमध्ये १६० अंश, आणि पुढचं वळण अर्ध्या मिनिटावर. यावरून एक गोष्ट कळते, ती वहीत ठळक लिहून ठेवा: रोटरच्या रंगापेक्षा आणि भोकांच्या नक्षीपेक्षा त्यात धातू किती आहे आणि त्यातून हवा किती वाहते, हे आधी पाहायचं.

मग मोजमापं. रोटरचा बाहेरचा व्यास, जाडी, मधल्या भोकाचा व्यास, बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास हे सगळे विचारतात. राहून जाते ती टोपीची, म्हणजे रोटरच्या मधल्या उंच भागाची उंची: हबला (चाक आणि रोटर ज्यावर बसतात त्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठभागापासून घासणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. ते दोन मिलीमीटरनेही चुकलं तर रोटर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या चिमट्याच्या, मध्यावर बसत नाही. मागच्या रोटरच्या टोपीत हँडब्रेकचा ड्रम असेल तर त्याचा आतला व्यासही लिहा. मोठा व्यास घ्यायचा विचार असेल तर जाड पुठ्ठ्यावर कॅलिपरचा आकार काढून, कापून, चाकाच्या आत फिरवून पाहा. सगळीकडे निदान ३ मिलीमीटर मोकळी जागा हवी. चाकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं विसरू नका, नेमकी तीच कॅलिपरला घासतात.

मोठा रोटर घेतला की गाडी आपोआप लवकर थांबते, ही समजूत इथेच सोडून द्या. एका ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल हे टायरच्या पकडीवर ठरतं. तुमचे आताचे ब्रेक चाकं लॉक करण्याइतके, म्हणजे एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) जागं करण्याइतके जोरदार असतील, तर मोठ्या रोटरचा फायदा दहाव्या ब्रेकला दिसेल, पहिल्या ब्रेकला दिसणार नाही. फक्त पुढचे रोटर बरेच मोठे केले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचं मूळ प्रमाण बिघडतं. पुढची चाकं लवकर लॉक व्हायला लागतात, मागची आळशी राहतात आणि अंतर वाढूही शकतं. म्हणून व्यास बदलायचा तर पुढे-मागे मिळून जुळवलेला संच घ्या, नाहीतर मूळ मापातच चांगला रोटर घ्या. माझा कल बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेकडे असतो.

आता रोटरच्या तोंडावरची भोकं आणि खाचा. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघायचा आणि पॅड व रोटरच्या मध्ये अडकायचा. त्याला वाट देण्यासाठी भोकांची पद्धत आली. आजच्या पॅडमध्ये तो त्रास फारसा उरलेला नाही. पावसात पहिल्या क्षणी भोकांचा थोडा फायदा होतो, वजनही किंचित कमी होतं, पण प्रत्येक भोकाच्या कडेला ताण एकवटतो आणि वारंवार तापून-थंड होताना तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय भोकं पाडली म्हणजे उष्णता साठवणारा धातू तेवढा कमी झाला. गाडी ट्रॅकवर जाणार असेल तर भोकांचा रोटर मी घेणार नाही आणि तुम्हालाही घ्या म्हणणार नाही. खाचांचं वेगळं आहे. त्या पॅडच्या तोंडावरचा चकचकीत झालेला थर खरवडत राहतात आणि भुकटी बाहेर टाकतात. त्याची किंमत म्हणजे पॅड लवकर झिजतात आणि जोरात ब्रेक मारताना घरघर ऐकू येते. रस्त्यासाठी आणि घाटासाठी सपाट तोंडाचा, आतून हवा खेळणारा, जास्त कार्बनच्या बिडाचा रोटर पुरून उरतो.

खरी पारख रोटरच्या पोटात करायची. दोन तबकड्यांच्या मधल्या पात्या पाहा. सरळ पात्यांचा रोटर कुठल्याही बाजूला चालतो. वाकड्या पात्यांचा असेल तर डावा-उजवा वेगळा असतो, कारण तो पंख्यासारखा मधून हवा ओढून बाहेर फेकतो. गाडी पुढे जाताना पात्या आतून बाहेर येत फिरण्याच्या उलट दिशेला, मागे झुकलेल्या दिसल्या पाहिजेत. पुष्कळ जण वरच्या खाचांची दिशा पाहून रोटर बसवतात आणि तिथेच चुकतात. निर्णय पात्यांवरून करायचा. व्हर्नियर घेऊन कडेवर प्रत्येक तबकडीची जाडीही मोजा आणि रोटर वजनकाट्यावर ठेवा. बाहेरची मापं सारखी असूनही एखादा रोटर मूळच्यापेक्षा बराच हलका भरतो. एकाच तुकड्यात ओतलेल्या रोटरचं वजन असं घटलं असेल तर बहुधा तबकड्या पातळ ओतल्या आहेत, असा त्याचा अर्थ. युरोपीय नियम आर-९० ची मान्यता असेल तर रोटरवर वर्तुळातलं ई हे अक्षर आणि क्रमांक असतो, तोही शोधा. किमान जाडीचा आकडाही रोटरवरच कोरलेला असतो. तो वहीत उतरवा, पुढे लागणार आहे.

ॲल्युमिनियमची टोपी आणि तिच्याभोवती बिडाची घासणारी कडी असे दोन तुकड्यांचे रोटर ट्रॅकवाल्यांनी जरूर पाहावेत. त्यातल्या तरंगत्या जोडणीच्या प्रकारात कडीला तापल्यावर पसरायला मोकळीक मिळते, त्यामुळे ती बशीसारखी वाकत नाही, आणि चाकाकडचं वजनही घटतं. जोडणीची बटणं थोडी खडखडतात, ते चालायचंच. कडी झिजल्यावर फक्त कडी मिळते का, हे आधी विचारा. कार्बन-सिरॅमिकचा विचार मूळ गाडी त्यावर आली असेल तरच करा.

रोटर नेहमी एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदला आणि पॅडही नवेच घ्या. ब्रेक ऑइल किती जुनं आहे ते पाहा, कारण ते हवेतली ओल ओढतं. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना निदान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल धरलेल्याची हमी १५५ चीच. रोटर कितीही भारी असला तरी ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला जातं.

बसवायच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ हबला द्या. एकदा माझ्या गाडीत नव्या रोटरवर तिसऱ्याच आठवड्यात स्टिअरिंग थरथरू लागलं. सगळे म्हणाले, डिस्क वाकली. रोटर उतरवला तर हबच्या कडेला, बोल्टच्या खुंटाशी, गंजाचा एक खपला चिकटलेला होता, नखाने निघेल एवढा. आता गणित पाहा. हबचा व्यास १४० मिलीमीटर, रोटरचा ३२०. हबच्या कडेला ०.०५ मिलीमीटरचा खपला राहिला, तर रोटरच्या कडेला तीच तिरकस ०.११ पर्यंत वाढते. बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१ च्या पलीकडे चालत नाही. अशा डगमगीने पॅड रोटरच्या एकाच जागेला घासत राहतो, जाडी असमान होते आणि पेडल धडधडायला लागतं. म्हणून तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन प्रत्येक खुंटाच्या मुळाशी साफ करा, रोटरवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, नट लावून रोटर आवळा आणि डायल गेज (बारीक डगमग मोजणारं काट्याचं मापक) लावून एक फेरा मोजा. आकडा जास्त आला तर रोटर एका खुंटाने फिरवून परत मोजा. चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोर, दोन टप्प्यांत आवळा.

शेवटी नवे पॅड रोटरवर घासून जमवून घ्यायचे. मोकळा रस्ता पाहून ताशी ९० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा बऱ्यापैकी जोराने वेग उतरवा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा रोटरवर उमटतो. पॅड बनवणाऱ्याने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. ट्रॅकवर जाणार असाल तर रोटरच्या कडेला उष्णता दाखवणाऱ्या रंगाचे तीन पट्टे लावा. नेहमीच्या संचातला हिरवा साधारण ४३० अंशांना पालटतो, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला. परत आल्यावर पट्टे पाहा आणि रोटरच्या तोंडावरून नख फिरवा. केसासारख्या बारीक रेषा चालतील, पण नख अडकलं किंवा रेषा कडेपर्यंत पोचली असेल तर त्या रोटरवर गाडी बाहेर काढू नका. नसेल, तर मायक्रोमीटरने जाडी मोजून वहीतल्या किमान आकड्याखाली तारखेसकट लिहा.