हेल्मेट घेताना आधी आतला थर्मोकोल पाहा

उभ्या गाडीवरून कलंडलात तरी डोकं साधारण दीड मीटरवरून खाली येतं, ताशी २० किमीच्या आसपास वेगाने. नागपुरातल्या सिमेंट रस्त्यावर उघडं डोकं ५ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी धक्का गुरुत्वाच्या ३०० पट होतो. मध्ये २५ मिलिमीटर दबणारा थर्मोकोल असेल तर तोच ६० पट. हेल्मेट देतं ते एवढं अंतर. म्हणून नुसत्या स्पंजाच्या, रस्त्याकडेच्या टोप्या घेऊच नका. आयएसआय चिन्हासोबत आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक पाहा, अस्तर बाजूला सारून कडक, सलग थर्मोकोल आहे ना तेही तपासा.

मार बहुधा तिरका बसतो, हे फार जण विसरतात. डोकं गर्रकन फिरतं, पण द्रवात तरंगणारा मेंदू क्षणभर मागे राहतो. मग कवटीलगतच्या शिरा ताणून तुटतात, आत खोलवर चेतातंतू पिळले जातात. कवटीला तडा नसतानाही माणूस बेशुद्ध पडतो, तो यामुळे.

ढिलं हेल्मेट अशा वेळी डोक्यावरून निघून जातं. माप भुवयांच्या किंचित वरून, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेपने घ्या. घातल्यावर गाल दाबले जायला हवेत, हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडीही हलायला हवी. पट्ट्याखाली दोनच बोटं मावावीत. आता मागची कड धरून पुढे ओढा. निघालं तर लहान माप मागा. उन्हाळ्यात दुपट्टा बांधायचाच तर पातळ सुती, एका पदराचा. गाठ हेल्मेटच्या आत नको. गाठीमुळे आत फट राहते.

थर्मोकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. अपघातात मार बसलेलं हेल्मेट वरून कोरं दिसलं तरी टाकून द्या. आतून पेट्रोल, थिनर लावू नका, थर्मोकोल विरघळतो. मे महिन्यात बंद कारच्या काचेमागेही ठेवू नका.

हेल्मेट असूनही मार लागला, तर पहिले २४ तास माणसाला एकटं सोडू नका. आधी नीट बोलणारा काही तासांनी सुस्तावू शकतो, कारण आतला रक्तस्राव हळूहळू साचतो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, एका डोळ्याची बाहुली मोठी, जागं करूनही न उठणं, यातलं एकही दिसलं तर १०८ लावा. ‘प्यायला असेल’ म्हणून झोपू देऊ नका.