ब्रिज पिन कशाची घ्यावी? आधी भोक मोजा

ॲकॉस्टिक गिटारच्या तारांची टोकं ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या अंगावर चिकटवलेल्या लाकडी तुकड्याच्या, सहा भोकांत जातात आणि प्रत्येक भोकात एक छोटी पिन बसते. या पिना बदलायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, हाडाच्या घेऊ, एबनीच्या (काळ्या टणक लाकडाच्या) घेऊ की पितळेच्या? विकणाराही तिथूनच सुरुवात करतो आणि पितळेनं आवाज खुलतो असं सांगून संच हातात ठेवतो. इतकी वर्षं स्वतःच्या आणि शिकायला येणाऱ्या मुलांच्या गिटारी दुरुस्त केल्यावर माझं मत पक्कं झालंय. मापाचा प्रश्न आधी सोडवायचा, मग वस्तू निवडायची. भोकात नीट न बसणाऱ्या हाडाच्या पिनेपेक्षा नीट बसणारी प्लास्टिकची पिन केव्हाही चांगली.

पिनेचं काम काय, हेच अनेकांना चुकीचं सांगितलं जातं. तार पिनेच्या आधारानं लटकलेली नसते. तारेच्या टोकाचा पितळी मणी गिटारच्या पोटात, ब्रिजखालच्या लाकडी पट्टीला म्हणजे ब्रिजप्लेटला खालून टेकतो आणि ताण ती पट्टी घेते. हा ताण थोडाथोडका नाही. बारा नंबरचा (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची) तारांचा संच सुरात लावला की सहा तारांचा मिळून ७० किलोच्या वर जातो. मणी भोकात परत सरकू नये एवढंच पिनेनं पाहायचं. पिन वर उसळते तेव्हा लोक ती आणखी जोरात ठोकतात, पण खरा दोष बहुतेक वेळा मणी पट्टीला न टेकता पिनेच्या टोकावर बसल्याचा असतो.

तारा सैल करा, जुन्या पिना काढा. पावसाळ्यात लाकूड फुगून पिन अडकली असेल तर वरून पक्कड लावू नका, डोकं तुटतं. साउंडहोलमधून, म्हणजे गिटारच्या पुढच्या गोल भोकातून, हात घालून एखाद्या नाण्यानं खालून वर ढकला, अलगद निघते.

आता माप. इथे मी एकदा फसलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

पिन सरळ नसते, खाली निमुळती होत जाते. हा निमुळतेपणा बाजारात मुख्यतः दोन प्रकारचा मिळतो, ३ अंशांचा आणि ५ अंशांचा. डोळ्यांना फरक कळत नाही. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घ्या, जुन्या पिनेची जाडी डोक्याच्या लगेच खाली मोजा आणि तिथून बरोबर १० मिलिमीटर खाली पुन्हा मोजा. दोन मापांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक आला तर पिन ३ अंशांची, ०.८५ ते ०.९ आला तर ५ अंशांची. ‘सगळ्या गिटारींना चालते’ असं लिहिलेली पाकिटं मी आता हातातही घेत नाही.

असंच एक पाकीट मी मागवलं होतं, हाडाच्या पिनांचं. पिना दोन-तीन मिलिमीटर वर राहत होत्या. ‘थोडं ठोकलं की बसतात’ असा सल्ला मिळाला, आणि मी लाकडी हातोडीनं ठोकल्या. बसल्या. तारा चढवल्या, आवाजही छान आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिजवर दुसऱ्या भोकापासून पाचव्यापर्यंत केसासारखी भेग गेलेली होती. ती गिटार माझी नव्हती, एका मुलीची होती. ब्रिज बदलून दिला, पण तिचा चेहरा अजून आठवतो. कारण सरळ आहे. सहाही भोकं लाकडाच्या रेषेत एका ओळीत असतात आणि प्रत्येक निमुळती पिन म्हणजे एक पाचर. लाकूड फोडायला आपण पाचरच मारतो. पिन अंगठ्याच्या दाबानं बसली पाहिजे. हातोडी लागत असेल तर पिन चुकीची आहे.

जुनी पिनच हरवली असेल किंवा मापाची खात्री नसेल, तर नव्या पिनेला शिसपेन्सिल घासून काळी करा, भोकात घाला, एकदा हलकेच फिरवा आणि काढून उजेडात बघा. पिन जिथे टेकली तिथे शिसं पुसून चकचकीत पट्टा उमटतो. भोकातल्या पूर्ण लांबीवर पट्टा असेल तर उत्तम. फक्त खालच्या बाजूला असेल तर पिन भोकापेक्षा कमी निमुळती आहे आणि वर डुलेल. फक्त डोक्याजवळ असेल तर पिन जास्त निमुळती आहे, आणि हीच जास्त घातक, कारण हाताला ती घट्ट लागते, पण खाली पट्टीजवळ पोकळी राहते आणि मणी नेमका तिथे घुसतो. अशा वेळी योग्य मापाचा संच मागवा. भोक मोठं करायचंच असेल तर त्याच अंशाच्या रीमरनं (भोक निमुळतं कोरायच्या हत्यारानं), एक-एक वळसा घेऊन, दर वळशाला पिन घालून बघत. गोल कानशीनं कधीच नाही.

माप जुळलं की कशाच्या घ्यायच्या हे सोपं होतं.

साध्या प्लास्टिकला मणी खालून चावतो, काही महिन्यांत खाच पडते. स्वस्त आहे, बदलत राहा. टस्क हे साच्यातलं कृत्रिम द्रव्य, सहाही पिना एकसारख्या निघतात आणि पावसाळ्यात फुगत नाहीत. नवशिक्याला मी हेच देतो. हाड टणक असतं, आवाजाला स्पष्टपणा येतो असा माझा अनुभव आहे, पण फरक बारीक असतो. हाड नको असणाऱ्या घरांत एबनी घ्यावी, हलकी आणि देखणी असते. मात्र कोकणातल्या दमट हवेत ती अडकते आणि तार बसायच्या खाचेपाशी उभी चिरते, म्हणून दोन पिना जादा ठेवा. हस्तिदंताच्या म्हणून कुणी दाखवल्या तर घेऊ नका, भारतात तो व्यापार बेकायदा आहे.

पितळेबद्दल सगळ्यात जास्त भुलवलं जातं. पितळ हाडाच्या चौपट आणि प्लास्टिकच्या आठपट जड. सहा पिनांचा संच साधारण १५ ते २० ग्रॅम भरतो, आणि हे वजन ब्रिजवर, म्हणजे जिथे गिटारची पुढची लाकडी फळी सर्वांत मोकळेपणी हलायला हवी तिथेच, येतं. सूर थोडा लांबतो, पण हलक्या गिटारीचा आवाज दबतो. पैसे घालण्याआधी एक करा. दहा रुपयांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. अशी दोन नाणी पुन्हा निघणाऱ्या चिकट पुट्टीनं ब्रिजवर पिनांच्या मागे लावा आणि वाजवा. आवडलं तर पितळ घ्या. माझ्या खोलीत ही चाचणी करणाऱ्या बहुतेकांनी नाणी काढून ठेवली.

बसवताना मण्याजवळ तार बोटानं किंचित वाकवा, म्हणजे मणी पिनेच्या टोकाखाली न राहता बाजूला वळतो. पिनेची खाच सॅडलकडे, म्हणजे ब्रिजवर तारा ज्या अरुंद पट्टीवर टेकतात तिकडे, ठेवा. मणी आत सोडा, पिन अर्धी घाला, आणि आता तार वर ओढत ओढत पिन अंगठ्यानं दाबा. मणी पट्टीला टेकला की बोटाला ‘टक’ असं जाणवतं. ते जाणवेपर्यंत खुंटी फिरवायची नाही.

सगळ्या तारा चढल्यावर साउंडहोलमधून छोटा आरसा आणि मोबाइलचा दिवा आत घाला. सहा मणी पट्टीला सपाट चिकटलेले दिसले पाहिजेत. एखादा भोकात अर्धा घुसलेला दिसला तर ती तार लगेच सैल करा आणि पुन्हा बसवा. पट्टीच्या लाकडालाच खड्डे पडले असतील तर कोणतीही पिन उपयोगाची नाही, आधी पट्टी दुरुस्त करून घ्या.