सुचलेली चाल निसटण्यापूर्वी
गाण्याची चाल सुचल्यावर संगणक सुरू करून, सॉफ्टवेअर उघडून त्यातील असंख्य ध्वनींमधून मनाजोगता ध्वनी शोधेपर्यंत तिचा मूळ झोक बहुधा हरवलेला असतो. म्हणून कल्पना टिपण्यासाठी मुद्दाम तोकडी ठेवलेली सामग्री कायम हाताशी असावी. छोटा कीबोर्ड किंवा गिटार आणि मोबाइलमधील रेकॉर्डर एवढे पुरेसे आहे. १९७९ साली टास्कॅम कंपनीने आणलेल्या पोर्टास्टुडिओ या कॅसेट रेकॉर्डरवर चारच ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज मुद्रित करण्याचे स्वतंत्र थर, होते, त्यामुळे काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागे, आणि ही अडचण माझ्या मते सोयच होती.

मोबाइल वाद्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. फार जवळ ठेवल्यास जोरकस स्वरांना आवाज फाटतो आणि तो नंतर धड दुरुस्त होत नाही. वाजवण्यापूर्वी पट्टी, कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) आणि अंदाजे लय तोंडाने सांगून ठेवावी, उदाहरणार्थ ‘ए मायनर, लय ९२, कॅपो दुसऱ्या पडद्यावर, दुसरी ओळ कच्ची’ (९२ म्हणजे मिनिटाला ९२ ठोके, कॅपो म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा गिटारचा चिमटा). अन्यथा काही दिवसांनी ऐकताना बोटे नेमकी कुठे होती हे हुडकण्यातच वेळ जातो. शब्द सुचले नसतील तर निरर्थक अक्षरांत गुणगुणावे, म्हणजे ओळीचे वजन तरी हाती राहते. फाइलला लगेच नाव द्यावे. पहिले ध्वनिमुद्रण मात्र पुसू नये: दुसऱ्या खेपेस वादन सफाईदार होते, पण पहिल्या वेळी अवचित आलेली एखादी हरकत (स्वरांची छोटी नक्षी), जी अनेकदा चालीतला सर्वांत वेगळा भाग ठरते, नेमकी गळून पडते.