कोकणात जुनी फोर बाय फोर घेताना: आधी चॅसिस, मग टायर, उंची सगळ्यात शेवटी

जुनी मोठी गाडी बघायला गेलं की बहुतेक जण आधी बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात. कोकणात वापरायची गाडी असेल तर सुरुवात खालून करा. इंजिन बांधून मिळतं, गिअरबॉक्स बदलता येतो. आतून गंजलेल्या चॅसिसवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) मात्र कितीही खर्च केला तरी ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. फॉर्च्युनर, फोर्डची एन्डेव्हर आणि पजेरो स्पोर्ट या तिन्ही गाड्यांची बॉडी शिडीसारख्या चॅसिसवर बोल्टने बसवलेली असते. त्या शिडीचे दोन लांब चॅनल आतून पोकळ असतात. पावसाळ्यात लाल चिखल भोकांतून आत शिरतो, मार्चपर्यंत ओल धरून बसतो आणि त्यात खारी हवा मिसळते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, पण पत्रा आतून झिजत असतो.

म्हणून सौदा ठरण्याआधी गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घ्या. पाव किलोची हातोडी, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च एवढंच पुरे. चॅनलवर वीतभर अंतराने हलकेच ठोकत जा. धड पत्रा 'टण्' वाजतो. आत पोपडे साचले असतील तर आवाज 'थप' असा दबका येतो आणि शेजारच्या भोकातून तपकिरी भुकटी गळते. सर्वांत जास्त वेळ मागच्या चाकांपुढे द्या. तिथे चॅसिस ॲक्सलवरून जाण्यासाठी कमानीसारखी वर चढते आणि चाकांनी उडवलेला चिखल नेमका त्या वळणात बसतो. मग मागच्या स्प्रिंगची बैठक, शॉकॲब्सॉर्बरचे ब्रॅकेट, बॉडीचे रबरी माउंट, डिझेल टाकीचे पट्टे आणि ब्रेकचे लोखंडी पाइप क्लिपमध्ये अडकवलेले असतात ती जागा तपासा. पाइप उघडा असतो तिथे सहसा ठीक असतो. क्लिपखाली पाणी अडकतं आणि पाइप तिथेच फुटतो.

वरवरचा लालसर थर म्हणजे काळजीचं कारण नाही. समुद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहिलेल्या प्रत्येक गाडीला तो असतो. पोपडे सुटत असतील, स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पत्रा दबत असेल किंवा स्प्रिंगच्या बैठकीजवळ वेल्डिंगचं ठिगळ दिसत असेल तर गाडी सोडून द्या. खालून नुकताच मारलेला काळाकुळकुळीत, रबरासारखा जाड थर दिसला तरी सावध व्हा. नखाने दाबून बघा. खाली फोडासारखे उंचवटे लागले तर गंजावरच रंग फासलेला आहे. चॅसिसवर ठोकलेला नंबर स्पष्ट वाचता येतो का, हेही आत्ताच बघा. आरटीओच्या कामात त्याची पेन्सिलने काढलेली छाप लागते. गंजाने आकडे पुसले गेले असतील तर गाडी नावावर होताना काम अडतं.

मागचा दरवाजा उघडून डिकीतलं मॅट उचला आणि वास घ्या. बंदरावरून मासळीचे क्रेट वाहिलेल्या गाडीत बर्फाचं खारट पाणी जोडांत मुरलेलं असतं. कितीही अत्तर फवारलं तरी तो वास पावसाळी हवेत परत येतो, आणि तिथला पत्रा खालून आधीच गेलेला असतो.

पुराची गाडी ओळखणंही शिकून घ्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाडमध्ये पाणी शिरलं तेव्हा अनेक गाड्या बुडाल्या. अशी गाडी आतून धुऊन पॉलिश केली की फोटोत नवीकोरी दिसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळलेल्या भागावर गाळाची आडवी रेघ असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटच्या रुळाचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे लोखंडी ब्रॅकेट आणि स्टेअरिंगखालचे कनेक्टर बघा. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर वायरिंगचा त्रास कधी संपणार नाही.

गाडी कुठून आणायची? देशावरची, म्हणजे सातारा, कोल्हापूर, पुणे इथली, खाऱ्या हवेपासून दूर वापरलेली गाडी बहुतेक वेळा कोकणातल्या गाडीपेक्षा चांगल्या अवस्थेत असते. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंधन आणल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात येतात. त्यांची चॅसिस अनेकदा कोरडी निघते. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करताना भरावा लागणारा कर आधीच हिशेबात धरा. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर एनओसीचा नमुना २८, कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा नमुना ३५. शिवाय वाहन नोंदणी १५ वर्षांची असते. १३ वर्षांची गाडी घेताना दोन वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण करावं लागणार, हे लक्षात ठेवा.

मॉडेलपैकी २००९ ते २०१६ च्या फॉर्च्युनरमध्ये तीन लिटरचं इंजिन आहे आणि फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) कायम चालू असतं, मधल्या डिफरन्शियलला (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्याला) लॉक आहे. या इंजिनाचा कच्चा दुवा म्हणजे इंजेक्टरखालची तांब्याची वॉशर. ती गळू लागली की जळका वायू वर येतो, ऑइल काळं आणि दाट होतं आणि त्यातला कार्बन ऑइल पंपाची जाळी बंद करतो. इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमला असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडा. टायमिंग बेल्ट दीड लाख किलोमीटरच्या आसपास बदलावा लागतो. बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा. २०१६ च्या अखेरीस आलेल्या २.८ लिटरच्या गाडीला साखळी आहे, पण तिचं फोर बाय फोर नॉबने लावायचं असतं आणि कोरड्या डांबरावर चालवायचं नसतं.

पाच सिलिंडरची ३.२ लिटर एन्डेव्हर ताकदीची आहे आणि तिला मागच्या डिफरन्शियलचं लॉक मिळतं. कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल तर ईजीआर कूलरवर (इंजिनात परत सोडायचा जळका वायू थंड करणाऱ्या भागावर) संशय घ्या. ऑइल बदलताना ते तासभर निथळत ठेवू नका. पंपातलं तेल उतरलं तर इंजिन कोरडं फिरतं, म्हणून निचरा होताच लगेच नवीन भरावं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा बॉडीचे भाग, दिवे आणि सेन्सर कुठून मिळतील ते घेण्याआधीच विचारा. मुंबई-गोवा महामार्गावर बंद पडल्यावर तो शोध लावू नका.

इंजिन सकाळी थंड असताना सुरू करा. विकणाऱ्याला तसं आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. मग मातीच्या जागेवर फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर) टाकायला लावा. दिवा नुसता लुकलुकत राहिला तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीची) मोटर अडकलेली असू शकते. बरेच मालक वर्षानुवर्षं ते वापरतच नाहीत, त्यामुळे खाऱ्या हवेत ती जाम होते. शेवटी मागच्या डिफचा (डिफरन्शियलचा) वरचा भरायचा बोल्ट उघडून तेलात बोट बुडवा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे.

आता बदल. गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवा आणि तिच्यातला पहिला खर्च गंजावर करा, शोभेवर नको.

हे काम नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत होतं. चॅनलच्या एका भोकातून पाण्याची नळी घालून दुसऱ्या टोकाने पाणी लाल यायचं थांबेपर्यंत धुवा. मग गाडी किमान तीन दिवस उन्हात उभी ठेवा, कारण आत ओल राहिली तर पुढचं सगळं फुकट. सुटे पोपडे तारेच्या ब्रशने काढा, गंज काळा करणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावा, चोवीस तासांनी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर चॅसिस ब्लॅक. चॅनलच्या आतून रंग पोचत नाही. तिथे लांब नळीच्या, चारही बाजूंना फवारणाऱ्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स मारायचं. दोन्ही चॅनलना मिळून दोन ते तीन लिटर धरा. निचऱ्याची भोकं उघडी राहिलीच पाहिजेत, आणि ब्रेक डिस्क, सायलेन्सर व रबरी बुशवर थेंबही नको. डांबरी रबर कोटिंग स्वस्त पडतं, पण त्याला एक चीर गेली की पाणी आत शिरून झाकलेलं राहतं आणि गंज आणखी वेगाने वाढतो.

दुसरं काम ब्रीदरच्या, म्हणजे ॲक्सल आणि गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या तोंडाच्या, नळ्यांचं. अर्ध्या दिवसात होतं, आणि कोकणात याच्याइतका मोबदला देणारा बदल नाही. चालून तापलेला ॲक्सल थंडगार व्हाळात उतरला की आतली हवा झटकन आकसते. वरचा ब्रीदर पाण्याखाली असेल तर डिफ तिथूनच पाणी ओढून घेतो. म्हणून ८ मिलिमीटरची डिझेलची रबरी नळी मागच्या ॲक्सलवरून चॅसिसला धरून टेललाइटच्या मागच्या पोकळीपर्यंत न्या, आणि तोंडाला छोटा फिल्टर लावा. लांबी मोजताना गाडी चॅसिसखालून जॅकवर उचलून चाकं लोंबकळू द्या. जमिनीवर मापलेली नळी पहिल्याच खड्ड्यात निसटते. पुढचा डिफ, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सच्या नळ्या बॉनेटखाली उंच आणा. सोबत सगळी तेलं बदला. आधी भरायचा बोल्ट सुटतो याची खात्री करा, मगच निचऱ्याचा काढा. वरचा गंजून बसला असेल आणि खालून तेल ओतून दिलं असेल तर गाडी जागेवरच अडकते.

टायर ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) घ्या. मड टेरेन (खोल नक्षीचा, चिखलासाठीचा) पाखाडीच्या चिखलात छान, पण आंबा किंवा कुंभार्ली घाटात ओल्या डांबरावर त्याचा ब्रेक लांब लागतो, आणि आपला नव्वद टक्के प्रवास डांबरावरच असतो. जांभ्याचा सडा आणि चिरेखाणीचे रस्ते टायरच्या बाजूची भिंत कापतात, म्हणून जाड भिंतीचा टायर निवडा. मूळ २६५/६५ आर १७ च्या जागी २६५/७० आर १७ घातला तर व्यास सुमारे २६ मिलिमीटर वाढतो. गाडी मात्र त्याच्या निम्मीच, १३ मिलिमीटर, उचलली जाते. काटा १०० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग १०३ च्या पुढे असतो. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी नको.

हवेचा दाब फुकटचा बदल आहे. दगडी वाटेवर २४ ते २६ पीएसआय, चिखलात २० ते २२, वाळूत १६ ते १८. पंधराच्या खाली वळताना टायर रिममधून सुटू शकतो. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडा. लायटरच्या सॉकेटमधून लावला तर फ्यूज जातो. आणि मौजेसाठी पुळणीवर गाडी घालू नका. वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, आणि खाडीच्या मुखाशी वरून घट्ट दिसणारी ओली वाळू भरती येईपर्यंत गाडी सोडत नाही.

टोचनासाठी चॅसिसला बोल्टने बसणारे, भारक्षमता लिहिलेले हुक लावा. पुढच्या बंपरखालची बारीक कडी वाहतुकीत गाडी बांधण्यासाठी असते, झटका दिला की ती तुटून गोळीसारखी उडते. दोन-सव्वादोन टनाच्या गाडीला ८ टनी ताणाचा पट्टा पुरतो. झाडाला अँकर घ्यायचा तर आंबा, फणस, ऐन यांसारखं जाड झाड निवडा, रुंद पट्टा वापरा. माडाची मुळं उथळ असतात आणि पोफळ तर हातानेही हलते.

उंची वाढवायचीच असेल तर ४० ते ५० मिलिमीटरवर थांबा. त्यापुढे पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस जातं आणि वाळू सांधा खाते. मागची स्प्रिंग रोजच्या वजनाप्रमाणे निवडा: मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणि उरलेले अकरा महिने दोन माणसं, असं असेल तर जड स्प्रिंग नको. फॉर्च्युनरला मागे आडवा रॉड असल्याने उंचीबरोबर ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) बहुतेकांना लागत नाही. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की कॉजवेवर गाडी घालायचीच नसते, नाक कितीही उंच असलं तरी. बसवणारच असाल तर फेंडरला पाडलेल्या भोकाची कड त्याच दिवशी प्रायमर लावून बंद करा, नाहीतर एका पावसात तिथून गंज सुरू होतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांबाबत कडक भूमिका घेतली आहे. बुल बारविरुद्ध (बंपरपुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध) केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कारवाई करायला सांगितलं. अपघातानंतर विमा नाकारला जाऊ शकतो. म्हणून मोठा बदल करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा.

पुढची देखभाल मोजकीच, पण चुकवू नका. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीतून उतरलात की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. रॅम्पवर साचलेलं खारं पाणी चाकं थेट ब्रेक पाइपवर उडवतात. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर लो लावून शंभर मीटर चालवा. दर सर्व्हिसिंगला ब्रेक कॅलिपरच्या पिना काढून ग्रीस करा. काचेखालच्या जाळीतली आंब्याची पानं दर आठवड्याला उचला, ती कुजून निचरा तुंबवतात आणि पाणी पायाखाली येतं. आणि पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. खाऱ्या ओलीत लायनर ड्रमला चिकटून बसतं. सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि चाकाखाली लाकडी ओंडका लावा.