रिकामी पिकअप उडते? पाटा वाढवू नका, आहेत ते मोकळे करा

कच्च्या रस्त्यावर रिकामी पिकअप मागून आपटायला लागली की बरेच जण मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांत, म्हणजे पाट्यांत, आणखी एक पाटा वाढवून घेतात. हा उलटा उपाय आहे. जादा पाटा भार पेलतो, पण रिकाम्या गाडीला आणखी ताठ करतो.

दोष बऱ्याचदा पाट्यांमधल्या गंजात आणि सुकलेल्या चिखलात असतो. पाटे एकमेकांवर सरकत नाहीत आणि धक्का थेट चेसीत (गाडीच्या सांगाड्यात) जातो. चेसी भक्कम स्टँडवर घ्या, अ‍ॅक्सलला वेगळा आधार द्या, पाटे उतरवून तारेच्या ब्रशने घासा, ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. पाट्याच्या टोकातल्या बोल्टभोवतीच्या रबरी बुशला ग्रीस किंवा डिझेल लागू देऊ नका, रबर फुगते. तडकलेला पाटा वेल्ड न करता बदला.

जोडताना हमखास चुकते ते हे: शॅकलचे (पाट्याचे टोक चेसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बोल्ट चाके अधांतरी असतानाच आवळले जातात. गाडी खाली बसली की बुश पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. चाके टेकवा, गाडी दोन-चार वेळा दाबा, मगच आवळा. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या, तिरपे-समोरासमोर आवळा, २००-३०० किमीनंतर पुन्हा तपासा. ढिले राहिले तर पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकतो.

शॉकअबमधून (शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून) तेल गळत असेल तर जोडीच बदला.

रिकाम्या गाडीत हवा ३५ पीएसआय असेल तर कच्च्यावर २६-२८ पुरते, तीही सावकाश चालवताना. डांबरीवर येण्याआधी भरा. भरलेल्या गाडीची हवा कधीच कमी करू नका.